संगणक बंद करण्यास सक्षम अधिकारी

जिल्हा विहीर-मोजणी कार्यालयात नऊ कर्मचारी आणि एक चालू संगणक आहे. आणखी तीन संगणक आहेत, परंतु ते 'दुरुस्तीसाठी प्रस्तावित' या अवस्थेत असल्यामुळे त्यांच्यावर आवक-जावक नोंदवह्या ठेवल्या जातात, आणि तेवढं काम ते चोख करतात. चालू संगणक सर्वांचा आहे. तो सकाळी कोणीही चालू करावा आणि संध्याकाळी शिपाई सहादूमामांनी बंद करावा, अशी वहिवाट होती. दिवे, पंखे, संगणक, खिडक्या आणि शेवटी कुलूप, या क्रमाने मामा बंद करत जात. नाशिकला शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत हे कार्यालय आल्यापासून अकरा वर्षांत या क्रमाबद्दल एकही तक्रार नव्हती. तक्रार नसणं हे कोणत्याही कार्यालयात बेसावधपणाचं लक्षण मानतात.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कार्यालयप्रमुख भामरे साहेबांनी 'कार्यालयीन कामकाजातील गतिमानता' या विषयावर टिपण लिहायला घेतलं. साहेब उजव्या हाताच्या एकाच बोटाने टंकलेखन करतात. दुपारी बारापासून सव्वासहापर्यंत अडीच पानं झाली. मग साहेब हात धुवायला गेले. परत आले तेव्हा मामा खिडक्यांपर्यंत पोचले होते.

टिपण जतन केलेलं नव्हतं. एकदा लिहिलेलं जतनही करावं लागतं, हे साहेबांना कोणी लेखी कळवलेलं नव्हतं.

"मामा, कोणाला विचारून बंद केलंत?"

"कुनाला इचारायचं साहेब? रोजच करतो."

"म्हणजे रोज विनापरवानगी करता?"

"आता दिवा मालवायला कुनी परवानगी मागतं व्हय?"

या प्रश्नावर साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मागायला हवी, अशा निष्कर्षाला ते आले. शुक्रवारी आदेश निघाला. संगणक बंद करणे ही साधी कृती नसून तो अधिकाराचा वापर आहे, असं त्याच्या पहिल्याच ओळीत म्हटलं होतं. सर्व कर्मचाऱ्यांची तीन वर्गांत विभागणी झाली. 'अ' वर्ग संगणक बंद करू शकणाऱ्यांचा. त्यात भामरे साहेब. 'ब' वर्ग संगणक बंद करण्याची शिफारस करू शकणाऱ्यांचा. त्यात वरिष्ठ लिपिक कडलग भाऊसाहेब आणि त्यांच्या हाताखालचे पाच. 'क' वर्ग संगणक चालू असल्याचं पाहू शकणाऱ्यांचा. त्यात सहादूमामा आणि कंत्राटी डेटा ऑपरेटर संजना पगारे. सगळ्या कार्यालयाचं टंकलेखन संजना करते, त्यामुळे दिवसाचे आठ तास तिला तो चालू असल्याचं पाहावंच लागे.

चालू करण्याचा अधिकार मात्र सर्वांकडेच राहिला. कामाला सुरुवात करण्याचा अधिकार आजवर कोणी कोणाकडून काढून घेतल्याचं उदाहरण नाही.

देखभालीच्या कंपनीचा माणूस आला आणि साहेब सोडून सगळ्यांच्या खात्यांतून 'बंद करा' हा पर्याय काढून गेला. भिंतीतल्या प्लगवर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं, किल्ली साहेबांच्या खणात गेली. विजेने विनापरवानगी जाऊन संगणक बंद करू नये म्हणून त्याच्यापुरता इन्व्हर्टर आला. आता वीज गेली की पंखे थांबत, माणसं घामाघूम होत आणि संगणक थंडपणे चालू राही. संगणकाच्या डब्यावर पुढच्या बाजूला जे बटण असतं, त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवली: 'अनधिकृत स्पर्श वर्ज्य.' मामांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी ती देवघरात ठेवली, असं म्हणतात.

यात अडचण एकच होती. भामरे साहेबांना संगणक बंद करता येत नव्हता.

त्यावर मार्ग निघाला. साहेब खुर्चीत बसत. उंदरावर त्यांचा हात असे. संजना मागे उभी राहून बोटाने दाखवी.

"डावीकडे, सर. खाली. अजून खाली. आता ते गोल चिन्ह."

"हे?"

"ते आवाजाचं आहे, सर. शेजारचं."

हात साहेबांचा, बोट संजनाचं, त्यामुळे अधिकार अबाधित राही. हा विधी साडेतीन वाजता होई, कारण चारला साहेब क्षेत्रभेटीला निघत. द्राक्षं उतरण्याच्या दिवसांत दिंडोरीकडच्या विहिरींना भेटी देण्याची निकड वाढते. संगणक बंद झाला की कार्यालयाला करण्यासारखं काही उरत नसे आणि मंडळी साडेतीनलाच निवांत होत. संजना सव्वासहाला सही करून निघे आणि सातच्या आत उपनगर या भागातल्या पाळणाघरात पोचे.

तिथे आरोही असते. वय वर्ष एक, महिने चार. संजनाचा नवरा अंबडला कारखान्यात दुसऱ्या पाळीला आहे, सासू इगतपुरीला भातशेती बघते, आणि दोन वर्षांखालचं मूल ठेवून घेणारं पाळणाघर त्या भागात एकच, सिंधुबाईंचं. ते सातला बंद होतं. उशीर झाला की सिंधुबाई कॅलेंडरवर मुलाच्या नावासमोर फुली मारतात. तीन फुल्या झाल्या की नाव कमी. रांगेत दुसरी मुलं असतात. सरकारी आदेशांपेक्षा या नियमाचं वेगळेपण एवढंच, की तो एका ओळीत सांगता येतो आणि सगळ्यांना सारखा लागू आहे.

फेब्रुवारीत वरच्या कार्यालयाचं तपासणी पथक आलं. साडेतीनलाच संगणक बंद कसा, असा त्यांनी शेरा मारला. दुसरा आदेश निघाला: संगणक सव्वासहापूर्वी बंद करू नये. साहेब चारला दिंडोरीकडे जात असल्यामुळे तो आता सव्वासहानंतरही बंद होईना. पुढच्या पथकाने सकाळी येऊन पाहिलं, तर संगणक रात्रभर चालू. वीज-बचतीबाबत तिसरा आदेश निघाला: सर्वांत शेवटी जाणाऱ्या कर्मचाऱ्याने संगणक बंद झाल्याची खात्री करून 'संगणक बंद नोंदवही'त सही केल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

हा आदेश वाचल्यावर कार्यालयात कमालीची शिस्त आली. शेवटी जाणारा कर्मचारी होऊ नये म्हणून मंडळी सहा वाजून चौदा मिनिटांनीच पिशव्या घेऊन दारात उभी राहू लागली. कायम कर्मचाऱ्यांनी आधी जावं, हे सेवाज्येष्ठतेला धरूनच होतं. मागे उरत संजना आणि कुलूप हातात घेतलेले सहादूमामा. तरी साहेब गावात असले तर फोन केल्यावर घरून येत, एक बोट टेकवत आणि जात. कशीबशी बस मिळे.

मार्चमध्ये भामरे साहेब एकवीस दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. प्रशिक्षणाचा विषय 'अधिकारांचे विकेंद्रीकरण' असा होता.

जाताना त्यांनी पदभार कडलग भाऊसाहेबांकडे दिला, तसा कागद काढला, कंपनीला कळवून भाऊसाहेबांना 'अ' वर्गात घेतलं. कंपनीने तिकडून बदल केला. पडद्यावर चौकट आली: 'बदल लागू होण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा चालू करा.'

भाऊसाहेबांनी चौकट दोनदा वाचली. चष्मा काढून एकदा वाचली.

"पगारे मॅडम, म्हणजे मी आता अधिकारी आहे ना?"

"आहात, भाऊसाहेब."

"मग बंद करतो."

"पर्यायच दिसत नाहीये. बंद करून चालू केल्यावर दिसेल."

"म्हणजे मी अधिकारी आहे," भाऊसाहेब सावकाश म्हणाले, "पण अजून लागू झालेलो नाही."

संजनाने मदतकेंद्राला फोन लावला. गाणं वाजलं, मग एक गोड आवाज आला. त्याने अडचण शांतपणे ऐकून घेतली आणि सल्ला दिला, "मॅडम, तुम्ही एकदा संगणक बंद करून बघितलाय का?"

"तेच तर करता येत नाहीये."

"आम्ही इथून करून देऊ शकतो. त्यासाठी तुमच्या सक्षम अधिकाऱ्यांनी त्यांच्या खात्यातून, त्याच संगणकावरून अर्ज करायचा."

"ते पुण्याला आहेत."

"मग ते आल्यावर करा, मॅडम. आमची सेवा आवडली असेल तर एक दाबा."

जाळीची किल्ली साहेबांच्या खणात होती आणि खणाची किल्ली साहेबांच्या खिशात, पुण्याला. शेवटी साहेबांनीच फोनवरून तोडगा दिला. संजनाने रोज त्यांना फोन करावा. ते 'संगणक चालू ठेवून निघण्याची तोंडी परवानगी' देतील. तिने वेळ लिहून सही करावी. विकेंद्रीकरणाच्या वर्गात मोबाइल बाहेर जमा करावे लागत आणि ते पावणेसातला परत मिळत.

पहिल्या दिवशी सहा पन्नासला साहेब म्हणाले, "जा." संजना साडेसातला पाळणाघरात पोचली. पहिली फुली.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी. साहेब चहा घेत होते. दुसरी.

"मला फुल्या मारायची हौस नाही गं," सिंधुबाई म्हणाल्या. "पण तुझी पोर सहा वाजले की चपला उचलून आणते. उलट्यासुलट्या घालते आणि दाराकडे तोंड करून बसते. खेळत नाही, रडत नाही. बाकीची पोरं एकेक करून जातात, तशी ती नुसती सरकून पुढे पुढे येते. काल उंबऱ्याला येऊन टेकली. मला नाही बघवत. तुझ्या साहेबाला सांग ना."

"सांगितलं, मावशी."

"मग काय म्हणाला?"

"लेखी द्या म्हणाले."

संजनाने तिसऱ्या दिवशी लेखी दिलं. सव्वासहाला निघण्याची मुभा मिळावी, कारण: मूल लहान आहे. भाऊसाहेबांनी अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला. ते खरोखर सहृदय गृहस्थ आहेत. कोणाचाही अर्ज वाचताना त्यांचे डोळे भरून येतात आणि पेन बंद होतं.

"मॅडम, मलाही नातवंडं आहेत. पण प्रभारी म्हणून मी लागू झालेलो नसताना मंजुरी दिली, तर ती मंजुरी कोणी दिली, असा प्रश्न येईल."

"मग नामंजूर तरी करा."

"त्यालाही अधिकार लागतो."

सहादूमामा दारातून म्हणाले, "ताई, तुमी जा. मी बसतो हितं. साहेबाला सांगतो, ताई मुतारीत गेल्यात."

"अर्धा तास?" भाऊसाहेब म्हणाले.

"सरकारी काम हाय, लागतो येळ."

पण मामांना नोटीस मिळालेली असल्यामुळे नोंदवहीत सही संजनाचीच लागत होती, आणि तिचं कंत्राट महिनाअखेरीला साहेबांच्या सहीने पुढे चालू राहायचं होतं. ती बसली. निरोपसमारंभाची तालीम आतापासूनच सुरू झाल्यामुळे त्या दिवशी मोबाइल साडेसातला परत मिळाले. उपनगरला पोचली तेव्हा सिंधुबाई पायरीवर आरोहीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कॅलेंडर आत होतं. फुली मारलेली दाखवायला त्यांनी ते बाहेर आणलं नाही.

"सोमवारपासून दुसरी पोर येतेय," एवढंच म्हणाल्या, आणि आरोहीच्या दप्तरात वाटीभर शिरा भरून दिला.

सोमवारी संजना आरोहीला घेऊन कार्यालयात आली. कार्यालयात मूल आणू नये असा नियम नव्हता. मूल आणण्याची वेळ कोणावर येईल, अशी शंका कोणाला आलेली नव्हती. संजनाने टेबलाखाली गोधडी अंथरली. आरोहीने 'पूर्ण झालेल्या विहिरी' या गठ्ठ्यावर डोकं ठेवलं, थोडा वेळ आईच्या पायाचा अंगठा धरला, मग उठून बसली आणि पाहणी सुरू केली.

कार्यालयाने एवढे आदेश काढले, पण त्या बटणाच्या उंचीचा विचार कोणी केला नव्हता. संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता. मोठ्या माणसाला त्या बटणासाठी वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस लगेच दिसतो. आरोहीच्या ते बरोबर नाकासमोर होतं. कागदाच्या पट्टीतून निळा दिवा लुकलुकत होता. 'अनधिकृत स्पर्श वर्ज्य' हे ती वाचू शकत नव्हती. 'अनधिकृत' हा शब्द आमच्याकडे अजून बालवाडीतही शिकवत नाहीत. तिने बोट ठेवलं. दिवा बोटाखाली लपला म्हणून तिने ते तसंच दाबून ठेवलं.

संगणक बंद झाला.

आठवडाभर अखंड चाललेली त्याची घरघर थांबली. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की ती थांबल्यावर सगळे दचकून वर बघू लागले. बाहेर भाजीवाला कोथिंबीर ओरडत होता, तो या कार्यालयात पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला.

"झायं," आरोही टेबलाखालून म्हणाली.

संजना पांढरी पडली. भाऊसाहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. सहादूमामांनी वाकून तेच बटण चालू करण्यासाठी दाबलं. तो अधिकार त्यांच्याकडे होता. संगणक सुरू झाला. पडद्यावर कडलग भाऊसाहेबांच्या नावापुढे 'बंद करा' हा पर्याय उगवला होता.

"लागू झालो," भाऊसाहेब पुटपुटले.

मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्या बंद होण्यामुळे ते लागू झाले, ते बंद होणं अनधिकृत ठरलं तर त्यांचं लागू होणंही अनधिकृत ठरेल. अर्ध्या तासात त्यांनी आपल्या पहिल्याच अधिकाराचा वापर करून झाल्या प्रकाराला कार्योत्तर मंजुरी दिली. नोंदवहीत 'बंद करणाऱ्याची सही' असा रकाना होता. आरोहीच्या मुठीत पेन दिलं. तिने विहिरीसारखं काहीतरी गोल काढलं आणि रकान्याच्या बाहेर पार मागच्या महिन्यापर्यंत नेलं. खाली भाऊसाहेबांनी लिहिलं: 'वरील सही माझ्यासमक्ष केली.'

साहेब प्रशिक्षणाहून परतले. त्यांनी नोंदवही पाहिली, आणि सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध त्यांचा चेहरा उजळला.

"हिला नोटीस देता येईल का, भाऊसाहेब?"

"नाही, सर. सज्ञान नाही."

"वेतन थांबवता येईल?"

"वेतनच नाही."

"म्हणजे उद्या काही कमी-जास्त झालं, तर जबाबदारी..."

"कोणावरच नाही, सर."

असा अधिकारी या जिल्ह्याला यापूर्वी मिळालेला नव्हता. आरोहीला 'विशेष वापरकर्ता' म्हणून मान्यता देण्यात आली. पट्टी काढून टाकली. रोज सव्वासहाला संजना तिला टेबलाखाली सोडी, आरोही बटण दाबी, नोंदवहीत गोल काढी, आणि सगळं कार्यालय वेळेवर घरी जाई. साहेब तर टाळ्याही वाजवत.

ते सतरा दिवस चांगले गेले, हे नोंदवहीत कुठे नाही. आरोही दुपारी कशी झोपते, हे संजनाला त्या सतरा दिवसांत कळलं: आधी एक पाय गोधडीबाहेर काढते, मग झोपेत हसते. रविवार सोडून तिने ते पाहिलंच नव्हतं. मामा घरून शेंगदाण्याची मऊ चिक्की आणत. शेतकरी आले की बायका टेबलाखाली डोकावून "बाय माझी" म्हणत. विहिरींचे दाखलेही भराभर निघू लागले, कारण टंकलेखन करणाऱ्या बाईचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं.

अठराव्या दिवशी एक सुशिक्षित गृहस्थ आले. दिंडोरीच्या रस्त्याला त्यांचं फार्महाऊस आहे, तिथल्या विहिरीचा दाखला हवा होता. संजनाने नऊ मिनिटांत तो काढून दिला. ते "थँक यू" म्हणाले. मग जाता जाता टेबलाखाली त्यांना मूल झोपलेलं दिसलं. त्यांनी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि रिक्षात बसल्यावर खाली लिहिलं: 'हे आपलं सरकारी कार्यालय! बाईसाहेब पोराला झोपवायला येतात. काम कधी करणार?'

फोटो दुपारी दोनला निघाला आणि चारपर्यंत साहेबांच्या साहेबांकडे पोचला. पावणेपाचला चौथा आदेश आला. या कार्यालयाच्या इतिहासात इतक्या गतीने निघालेला तो पहिलाच. कार्यालयात अपत्य आणण्यास मनाई. सदर कंत्राटी कर्मचाऱ्याच्या सेवेची यापुढे आवश्यकता दिसून येत नाही. साहेबांनी तो सही करून पुढे सरकवला. ते म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो," आणि हे त्यांनी संपूर्ण कारकिर्दीत बोललेलं पहिलं खरं वाक्य असावं.

संजनाने गोधडी घडी केली. आरोही जागी झाली नव्हती. तिला तशीच खांद्यावर घेऊन ती बसथांब्याकडे चालत गेली. वाटेत तिचा मोबाइल वाजला. सोसायटीच्या गटावर कोणीतरी तोच फोटो टाकला होता, आणि ती बाई कोण हे माहीत नसलेल्या शेजारणीने त्याखाली जोडलेले दोन हात टाकून लिहिलं होतं, 'कठीण आहे!'

तुमच्याकडेही तो आला होता. आठवत नसेल; असे दिवसाला पन्नास येतात. त्यात आईची फक्त पाठ दिसते आणि मुलाचा एक पाय गोधडीबाहेर. साहेबांच्या तीन वर्गांवर आत्ता इतकं मनापासून हसलात ना, तसेच त्या दिवशीही तुम्ही हसलात आणि तो फोटो आणखी दोन गटांवर पाठवलात. पाठवण्याआधी तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं, असं तुम्हाला अजूनही वाटत नाहीये.